रंग दोघांनी पाहायचा

हिरा अण्णांनी निवडायचा, असं मुलीनं जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा अण्णांच्या बायकोला हसू आवरेना.

"हे? अगं, ह्यांनी आणलेले निम्मे टोमॅटो मी दारातच टाकून देते. हे हिरा निवडणार?"

"टोमॅटोवर पुस्तकं नसतात आई," मुलगी म्हणाली. "हिऱ्यावर असतील."

अण्णा ताटात बघत राहिले. त्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं जुळवायचं आणि अण्णांनी त्यातलं चुकलेलं शोधायचं. चूक दाखवताना ते कधी अडखळले नाहीत, पण तुम्हाला काय वाटतं, असं कुणी विचारलं की ते बायकोकडे बघायचे. घर कुठलं घ्यायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, पडदे कुठल्या रंगाचे, हे सगळं बायकोनं ठरवलं. अण्णांचं काम सही करण्याचं आणि पिशवी धरण्याचं. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. मोठी सोय होती ती.

मुलगी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि तिथल्याच सहकाऱ्याशी लग्न करणार होती. त्या दोघांना थाटमाट नको होता. एकच अंगठी हवी होती, छोट्या हिऱ्याची, आणि ती वडिलांकडून.

"तुम्हीच निवडा अण्णा," ती म्हणाली. "लहानपणापासून मला जे जे मिळालं ते आईनं निवडलेलं. तुमच्या पसंतीची एक तरी वस्तू असू दे माझ्याकडे."

तिनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा वाचनालयात जाऊन बसले. हिऱ्यांविषयी मिळतील ती पुस्तकं त्यांनी वाचून काढली आणि रात्रीच्या जेवणात ते बायकोला शिकवू लागले.

"वजनाला भुलायचं नाही. कॅरट म्हणजे वजन, आकार नव्हे. पोटात जाड कापलेला हिरा वजन पोटात लपवतो आणि वरून लहान दिसतो."

"तुमच्या थोरल्या भावासारखा."

"ते उलटे आहेत. त्यांचं सगळं समोरच दिसतं." अण्णा पुढे सांगत, "सगळ्यात महत्त्वाचे पैलू. पैलू नीट पडले असतील तर आत गेलेला उजेड परत वर येतो. चुकले असतील तर खालून गळून जातो, फुटक्या बादलीसारखा. मग आतली स्वच्छता, म्हणजे डाग, रेघा, भेगा. आणि मग रंग. जितका कमी तितका चांगला. रंगाला अक्षरं दिलीत, पण ती इंग्रजीतल्या 'डी'पासून सुरू होतात. पहिली तीन गाळलेली!"

"मग तुम्हाला झोप कशी लागणार?"

खरंच लागली नव्हती. ती तीन अक्षरं का गाळली, हे शोधण्यात अण्णांची एक दुपार गेली. जुन्या कुठल्या प्रतवारीशी गल्लत होऊ नये म्हणून, असं कळलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. कारण असलं की गाळणं चूक ठरत नाही.

एकच अडचण होती. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरांनी आधी उजवा आणि सवडीनं डावा डोळा करायचं ठरवलं होतं, आणि उजव्याची तारीख जवळच आली होती.

"डोळा झाल्यावर घेऊ की हिरा," बायको म्हणाली. "हिरा घ्यायला निघालेत आणि डोळ्यांत मोती घेऊन!"

"अंगठी घडायला वेळ लागतो. आणि भिंग असतं ना. भिंगातून मला सगळं दिसतं."

हे खरंच होतं. बारीक टायपातला चुकलेला काना त्यांना अजूनही भिंगातून लगेच दिसायचा. त्यामुळे आपल्या डोळ्यांचं काही बिघडलंय असं त्यांना मनापासून वाटतच नव्हतं. लांबचं अंधूक होतं, एवढंच. लांबचं बघायची त्यांना फारशी हौसही नव्हती.

निघताना त्यांनी कपाटातून सदरा काढला आणि खिडकीशी धरला. "हा पण पिवळाच राहिलाय. नीळ घातली नव्हतीस?"

"दोनदा घातली." बायकोनं सदरा हातात घेऊन निरखला. "मला तर ठीक वाटतोय. पण तुम्ही म्हणता तर असेल."

असं गेल्या दीडेक वर्षात बरेचदा झालं होतं. चादरी, टॉवेल, भिंतीसुद्धा. अण्णा निवृत्त झाले तेव्हा छापखान्यानं भेट दिलेले पांढरेशुभ्र सहा कप पिवळे पडले म्हणून अण्णांनी नाक मुरडलं, तेव्हा बायकोनं ते आधी सोडा लावून घासले, मग लिंबानं घासले आणि शेवटी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ढकलून दिले.

सराफाचं दुकान अरुंद आणि लांबट होतं. पुढे काचेचं काउंटर, आणि मागे उजेडाच्या खिडकीशी एक बैठं लाकडी टेबल. त्या टेबलाशी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई वाकून काम करत होत्या. मांडीवर चामड्याची झोळी पसरलेली, टेबलाच्या कडेला अडकवलेली, म्हणजे कानशीतून उडालेला सोन्याचा कण खाली सांडू नये. दुकानातले सगळे त्यांना मावशी म्हणत. खडे बसवायचं काम त्यांचं.

"आमच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत," सराफ म्हणाला. तो चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस होता. "मी शाळेतून इथे यायचो तेव्हा माझी पेन्सिलसुद्धा मावशीच टोक करून द्यायच्या."

"अजून करून देते," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "ह्याचं टोक अजून बोथटच आहे."

सराफ हसला. त्यानं तीन पुड्या उघडल्या, कोऱ्या पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घातली आणि घडीच्या खाचेत चिमट्यानं तीन खडे ओळीनं ठेवले, पालथे, टोक वर करून.

"असे उलटे का?" बायकोनं विचारलं.

"सरळ ठेवले की चमकतात, काकू. चमकणाऱ्याचा खरा रंग कळत नाही. पालथा पाडून बाजूनं बघायचं. आणि एकट्याला कधी बघायचं नाही. शेजारी दुसरा असला की कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळतं."

अण्णांनी मान डोलावली. हे पुस्तकात होतं. त्यांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

"वडिलांची एक रीत होती," सराफ पुढे म्हणाला. "रंग दोघांनी पाहायचा. आधी एकानं, मग दुसऱ्यानं. आणि पहिल्याचं मत दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. ते आणि मावशी असे बसायचे. एक बघत असला की दुसरा तोंड फिरवून रस्त्याकडे. तुम्ही दोघं आहातच. बघा."

पण अण्णा तोवर खड्यांत शिरले होते, आणि एकदा शिरले की आजूबाजूचं बोलणं त्यांच्या कानावर पडायचं, पण ध्यानात यायचं ते मागाहून. मधला खडा त्यांना आवडला. पैलू काटेकोर होते, एकही टोक चुकलेलं नव्हतं. काठाशी एक बारीकसा काळसर डाग होता. गोल डोकं, खाली वळलेली शेपटी. हुबेहूब स्वल्पविराम. अण्णांना एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"हा," ते म्हणाले. आणि मग आपण एवढ्या ठामपणे बोललो याचाच धसका घेऊन पुढे म्हणाले, "पण हा जरा पिवळसर आहे ना?"

सराफाचा धंद्याचा एक नेम होता. गिऱ्हाईक स्वतःहून उणं काढत असेल तर वाद घालायचा नाही, नाहीतर त्याला वाटतं की आपण माल गळ्यात मारतोय. तो म्हणाला, "असेल जरासा, काका. ह्या दर्जात थोडा असतोच."

"तू बघ," अण्णांनी भिंग बायकोकडे दिलं.

तिनं भिंग धरलं, वाकली, बराच वेळ बघितलं. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणता तसाच. पिवळसर."

"चालेल," अण्णा म्हणाले. "पैलू चांगले आहेत. हाच द्या."

इतक्या लहान खड्याला प्रयोगशाळेचा दाखला नसतो, असं सराफानं सांगितलं, आणि अण्णांनाही त्याची गरज वाटली नाही. ओळखायला स्वल्पविराम होताच की. घरी जाताना ते नेहमीपेक्षा ताठ चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक वस्तू निवडली होती, तिच्या गुणदोषांसकट.

मग उजवा डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हा अण्णांना सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, स्वच्छ दिसेल म्हणून. त्यामुळे त्यांना नवल वाटलं ते फक्त स्वच्छतेचं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची दोरी दिसत होती, दोरीवरचे चिमटे दिसत होते. सकाळी त्यांनी सदरा घातला आणि काहीच बोलले नाहीत.

"साबण बदलला, त्याचा गुण," बायको मुलीला म्हणाली. "आठवडा झाला, कपड्यांबद्दल अवाक्षर नाही."

अंगठी मुलगीच घेऊन आली, दवाखान्यातून घरी येता येता. तिनं ती बोटात घातली, हात लांब धरून बघितला आणि अण्णांच्या डोक्यावर ओठ टेकवले. अण्णांना इतकं भरून आलं की त्यांनी घाईघाईनं भिंग मागितलं. भावना आवरायला काहीतरी तपासायला घेणं हा त्यांचा जुना उपाय होता.

ते खिडकीशी गेले. भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

खडा पांढरा होता. जरासासुद्धा पिवळा नव्हता, पाण्याच्या थेंबासारखा होता. त्यांनी अंगठी फिरवली. सोन्याच्या चार नख्या चार बाजूंनी खडा धरून होत्या. काठाभोवती सगळीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. स्वल्पविराम कुठेच नव्हता.

"हा आपला हिरा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?" बायको ओट्यापाशी होती, तशीच हात पुसत आली. "वाईट दिलाय?"

"चांगला दिलाय. आपल्यापेक्षा पुष्कळ चांगला. दुसऱ्या कुणाचा तरी."

"अहो, मग बिघडलं कुठे? लोकांना वाईट मिळतो म्हणून लोक भांडायला जातात. तुम्ही चांगला मिळाला म्हणून जाणार?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी बोटात आपला खडा आहे. पिवळसर, डागाचा. त्यांना माहीतही नाही."

मुलीनं अंगठी बोटातून काढली आणि डबीत ठेवली. "अण्णा बरोबर बोलतायत, आई." तिचा चेहरा पडला होता, पण ती पुढे म्हणाली, "आणि मला ह्यांनी निवडलेलाच हवाय."

शनिवारी सकाळी अण्णा आणि बायको दुकानात गेले. काय बोलायचं ते वाक्य अण्णांनी वाटेत मनात पाच-सहा वेळा दुरुस्त केलं होतं. प्रत्यक्षात ते सराफाच्या कानाशी वाकून, हळूच, एवढंच म्हणाले, "खडा बदललाय. आमचा पिवळसर होता. आणि काठाशी एक खूण होती, ती ह्यात नाही."

सराफाच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थिजलं. त्यानं अंगठी घेतली, भिंग लावलं, गोल फिरवून काठ बघितला. "खूण तर खरंच दिसत नाही," तो पुटपुटला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा आवाज चढला. "मावशी! ह्यांची अंगठी केलीत त्या दिवशी टेबलावर वकीलबाईंचीही होती ना?"

"होती," मावशी म्हणाल्या.

"खडा बदललाय."

मावशींनी हातातली कानस खाली ठेवली. "माझ्या हातून खडा बदलत नाही. एक पुडी मिटल्याशिवाय मी दुसरी उघडत नाही. तुमच्या वडिलांनी लावलेली शिस्त आहे ती."

"मग हे काका खोटं बोलतायत? गिऱ्हाईक जास्त चांगला माल परत करायला आलंय, मावशी! खोटं बोलायला त्यांना काय पडलंय?"

मावशींनी मान वळवून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नजर काउंटरवर वळवली. आपला प्रामाणिकपणा असा कुणाच्या मानेवर बसेल, हे त्यांच्या एकाही वाक्यात नव्हतं.

"वकीलबाई परगावी गेल्यात," सराफ स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "त्या आल्या की त्यांची अंगठी मागायची. काय म्हणून मागायची? दुकान डोक्यावर घेतील. गावभर होईल." मग तो मावशींकडे न बघता म्हणाला, "त्या येईपर्यंत खडे तुमच्याकडे नकोत. साखळ्यांची डागडुजी करा. वय होतं, मावशी. सगळ्यांचंच होतं."

मावशींनी मांडीवरची चामड्याची झोळी कडेच्या खिळ्यांवरून सोडवली, त्यातला कण न् कण बशीत झटकला आणि ती चौघडी करून टेबलावर ठेवली. अंथरुणाची घडी घालावी तशी. अण्णांना ते बघवेना.

"अहो, थेंबांची वेळ झाली," बायको हळूच म्हणाली. तिलाही ते बघवत नव्हतं. तिनं पिशवीतून बाटली काढली, अण्णांची मान वर केली आणि उजव्या डोळ्यात औषध सोडलं. "मिटून ठेवा. चोळू नका."

अण्णांनी उजवा डोळा मिटला आणि मान खाली घातली. समोर काउंटरवर सराफानं अंगठी ठेवायला घडी घालून ठेवलेला कागद होता. अण्णांनी कागद तर जन्मभर बघितलेले. हा कागद त्यांना ओळखू आला. वर्षभर खिडकीत पडलेल्या मुद्रितासारखा, कडेपर्यंत पिवळा.

"हा कागद जुना आहे?"

"आत्ता गठ्ठ्यातून काढला, काका. का?"

अण्णांनी डावा डोळा मिटला आणि ओलसर उजवा उघडला. कागद पांढराशुभ्र झाला. पुन्हा डावा. पिवळा. पुन्हा उजवा. सराफ त्यांच्याकडे बघत होता, बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि अण्णा भर दुकानात आळीपाळीनं डोळे मिचकावत उभे होते.

"काय चाललंय तुमचं?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "लोक काय म्हणतील!"

अण्णांनी अंगठी उचलली. डाव्या डोळ्याला भिंग लावलं. तोच तो खडा, आपल्या मूळच्या पिवळसर रंगात, त्यांच्याकडे बघत होता.

असं काही झालं की सावकाश मागे सरकून दुसऱ्याला बोलू द्यायचं, ही त्यांची रीत. पण इथे दुसरं कुणाला हे माहीतच नव्हतं. आणि खिडकीशी झोळीची ती चौघडी पडली होती.

"मावशी," ते मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की त्यांचे तेच दचकले. "खडा बदललेला नाही. माझा डोळा बदललाय. मी हिरा निवडला तो मोतीबिंदूच्या डोळ्यानं. आणि आता बघतोय तो नव्या डोळ्यानं. ह्या जुन्या डोळ्याला हा कागदसुद्धा पिवळा दिसतो. हिरा कधी पिवळा नव्हताच."

सराफ त्यांच्याकडे, मग अंगठीकडे बघत राहिला. त्याच्यावरचं संकट टळल्याचं त्याला बरं वाटलं होतं, पण तो सराफ होता. "रंगाचं पटलं, काका. पण मग ती खूण? ती कुठे गेली?"

"कसली खूण?" खिडकीकडून प्रश्न आला.

"काठाशी डाग होता," अण्णा म्हणाले. "स्वल्पविरामासारखा."

"मग हे आधी बोलायचं ना!" मावशी उठल्याच. "मला नुसतं बदललाय, बदललाय! अहो साहेब, तो नखीखाली घातलाय मी. काठावरचा डाग आम्ही नेहमीच नखीखाली घेतो. दिसायला नको म्हणून. आणि ह्याला," त्यांनी सराफाकडे हनुवटी केली, "ह्याला हे माहीत असायला हवं होतं."

सराफानं मान खाली घातली. "माहीत आहे, मावशी. घाबरलो. सुचलं नाही."

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "माझी खात्री पटली. आता नखी उचकायला नको. पुस्तकात वाचलंय मी, एकदा वाकवलेली नखी परत दाबली की कमजोर होते."

"होते," मावशी म्हणाल्या. "पण तुमची खात्री तुमच्यापाशी. इथे नाव माझं निघालंय. नखी मोडली तर सोनं लावून नवी करीन."

त्यांनी झोळी पुन्हा खिळ्यांना अडकवली, अंगठी लाकडी पकडीत आवळली आणि एका बारीक हत्यारानं एक नखी उचलली. हात असा चालला की जणू झोपलेल्या मुलाची मूठ सोडवतायत. मग त्या बाजूला झाल्या. "बघा. आणि आता मोठ्या मालकांच्या रीतीनं बघा. दोघांनी. आधी बाई."

"मी?" बायको म्हणाली. "मला काय कळतंय?"

"मागच्या वेळी तू माझं ऐकून बोललीस," अण्णा म्हणाले. "चूक माझी आहे. मी आधी तोंड उघडलं." आणि त्यांनी तोंड फिरवलं, रस्त्याकडे. काचेतून एक सायकलवाला घसरलेली साखळी चढवताना दिसत होता. अण्णा त्याच्याकडे एकाग्रतेनं बघत राहिले.

मागे बायकोचा श्वास ऐकू आला.

"हा होय तुमचा स्वल्पविराम? अहो, हा तर मटकीचा मोड आहे!"

"आणि रंग?" सराफानं विचारलं.

बायको आता चाचरत नव्हती, खरोखर बघत होती, हे अण्णांना पाठ फिरवूनही कळलं.

"पांढरा," ती म्हणाली. "अगदी कोरा पांढरा नाही. घरी धुतलेल्या चांगल्या कपड्यासारखा." आणि जरा थांबून, "मला त्या दिवशीही असाच दिसला होता."

अण्णा वळले. त्यांनी उजव्या डोळ्यानं बघितलं. उघड्या पडलेल्या काठावर डोकं आणि शेपटी, मटकीचा मोड म्हणा नाहीतर काही, आपल्या जागी होता. रंग ती म्हणाली तसाच होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पिवळा म्हणालात. सगळा जन्म तुम्ही बारीक अक्षरं वाचण्यात घालवलात. मला वाटलं, माझेच डोळे गेले असतील."

अण्णांना एकदम सगळे सदरे आठवले. चादरी, टॉवेल, दोनदा घातलेली नीळ. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण मावशींनी मेणबत्तीएवढी निळी ज्योत पेटवली होती आणि सगळे तिकडे बघू लागले. त्यांनी नखीला नवं सोनं दिलं, ती त्या मटकीच्या मोडावरून अलगद वाकवली, घासून गुळगुळीत केली आणि अंगठी फडक्यानं पुसून अण्णांच्या हातात दिली.

"माझ्यामुळे तुम्हाला..." अण्णांनी सुरुवात केली.

"दुसरा डोळा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तोवर हिरे घेऊ नका," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. सराफानं काउंटरवरच्या दोन मिटलेल्या पुड्या उचलल्या, मावशींच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि तिथेच जरा वेळ उभा राहिला. त्याला क्षमा मागायची होती आणि ती कशी मागायची ते येत नव्हतं. मावशींनी त्यांतली एक उघडली आणि दुसरी हातानं त्याच्याकडे परत सरकवली. "एका वेळी एक," त्या म्हणाल्या.

घरी येताना दोघं नाक्यावर रस्ता ओलांडण्यासाठी थांबले तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे साबणाचा गुण नव्हता."

"नव्हता."

"महागाचा आणला होता हो मी!"

"तू ते कप लिंबानं घासलेस," अण्णा म्हणाले. "मी एकदा बोललो, आणि तू संध्याकाळभर घासत बसलीस. तुला ते पांढरे दिसत असताना."

"दिसत होते की नव्हते, देव जाणे. घासता घासता मलाही पिवळे दिसायला लागले होते."

मुलगी दारातच उभी होती. अण्णांनी डबी तिच्या हातात दिली. "हाच तो. मी निवडलेला," ते म्हणाले, आणि मग, "पण कसा आहे ते तुझ्या आईला विचार. मला ह्यातलं फारसं कळत नाही."

"म्हणजे आता एवढी पुस्तकं वाचून..." मुलीला काही उमगेना. आईनं तिला आत नेलं आणि सगळं सांगायला सुरुवात केली, दुकानात अण्णा डोळे कसे मिचकावत होते ते करून दाखवत. दोघींचं हसू स्वयंपाकघरात मावेना.

जरा वेळानं बायकोनं हाक मारली. "अहो, ते वरच्या फळीवरचे कप काढायचे का खाली?"

"काढू."

"काढू नाही, काढा. स्टुलावर मी चढणार नाही."

अण्णा स्टुलावर चढले. कप धुळीनं माखले होते. त्यांनी पहिला कप काढून सदऱ्यालाच पुसला आणि सवयीनं उजेडाकडे धरला. डावा डोळा मिटायला आला होता, तेवढ्यात ते थांबले आणि त्यांनी कप खाली, बायकोच्या हातात दिला.

"तू सांग," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर उभे राहिले.